डोळ्याखालचा काटा

प्राजक्ताचा फोन तीनदा वाजला आणि तीनदा मी तो उचलला नाही. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी ओट्याशी उभी राहून शेपूची जुडी निवडत होते आणि फ्रिजवर ठेवलेला फोन थरथरत होता. ताईला नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणून अकरा दिवस झाले होते. तिनंच वाढवलेली तिची भाची प्राजक्ता रोज सकाळी मला एक मेसेज टाकायची. ‘चहा घेतला’, ‘दोन चमचे पेज गेली’, ‘आज बोलली नाही’. त्या दिवशी मेसेज आला नाही, फोन आला. मी उचलत नाही तोवर ताई आहे, असं काहीतरी वेडगळ डोक्यात आलं आणि मी शेपूच्या कोवळ्या काड्यासुद्धा मोडून टाकत राहिले. चौथ्यांदा उचलला. “मावशी...” एवढंच प्राजक्ता म्हणाली.

त्याला आता सात आठवडे होतील. सुलोचना पाईकराव हे नाव हिंगोलीच्या बाहेर फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. आमच्या कॉलेजात ती तीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवत होती आणि मी तिथंच ग्रंथालय सांभाळत होते. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. बाकी सगळे मॅडम म्हणायचे आणि थोडे बिचकून असायचे. तिचे वडील कळमनुरीच्या एका शाळेत शिपाई होते. घरातून पहिल्यांदा शिकायला बाहेर पडली ती हीच, थेट औरंगाबादला, आणि एम.एस्सी. होऊन परत आली ती मासे घेऊन. म्हणजे बरण्यांतले. पूर्णा, कयाधू, पैनगंगा, सिद्धेश्वरचं धरण, जिथून कुठून मिळेल तिथून तिनं मासे गोळा केले आणि प्रयोगशाळेच्या कपाटात लेबलं लावून ठेवले. मुलांना ती सांगायची, “एका खुणेवर कुणाचं नाव सांगायचं नाही. तीन खुणा जुळल्या की मग तोंड उघडायचं.” हे ती माशांबद्दल सांगायची, पण माणसांबद्दलही तिचा तोच नियम होता. कॉलेजातल्या कुठल्याही कुचाळकीत तिनं कधी भाग घेतला नाही.

आणि तिला पाण्याची भीती वाटायची. हे फार थोड्यांना माहीत होतं. लहानपणी कयाधूच्या एका डोहात ती बुडता बुडता वाचली होती. आयुष्यभर मासे हाताळले, पण घोट्याच्या वर पाणी आलं की तिचे ओठ पांढरे पडायचे. सहलीला गेलो की मुलं जाळं घेऊन आत उतरायची आणि ही काठावर दगड धरून उभी राहून ओरडायची, “परत या, लेकरांनो, बास झालं!”

मी सांगणार आहे ती गोष्ट गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली. शिरड शहापूरच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून चार-पाच किलोमीटर आत एक गाव आहे. तिथल्या शाळेत ताईची एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. शनिवारी सकाळी तिचा ताईला फोन आला. गावच्या तळ्यात कुणी कधी न पाहिलेला मासा सापडला होता. तळं भोई समाजाच्या दोन-तीन घरांकडे मासेमारीला होतं. त्यांतल्या गंगाबाई जाळं काढत असताना तो मासा त्यांच्या तळहातात टोचला आणि हात कोपरापर्यंत सुजला. त्याच आठवड्यात तळ्यावर रोज अंघोळ करणारे एक म्हातारे तापानं गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही. मग कुणाच्या तरी फोनवर एक व्हिडिओ आला... दक्षिण अमेरिकेतल्या नदीतला एक लहानसा मासा, जो म्हणे माणसाच्या अंगात शिरतो आणि आतून रक्त पितो. दोन दिवसांत तो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. बाया तळ्यावर धुणं न्यायच्या बंद झाल्या. लोक गुरंसुद्धा लांबच्या बोअरवर नेऊ लागले. आणि सरपंचानं ठरवलं की सोयाबीनवर मारायचं औषध तळ्यात ओतायचं आणि किडाच संपवून टाकायचा.

“त्या तळ्याच्या खाली गावची पिण्याची विहीर आहे, मॅडम,” ती शिक्षिका फोनवर सांगत होती. “मी म्हणलं तर कुणी ऐकून नाही राहिलं. तुमी या.”

मी ताईबरोबर गेले, कारण ती एकटी निघाली होती आणि मला सुट्टी होती. तळ्यावर पोचलो तेव्हा औषधाचं निळं पिंप काठावर येऊन उभं होतं आणि शंभरेक माणसं जमली होती. सगळी पाण्यापासून इतकी लांब उभी होती, की पाणी उसळून अंगावर येईल असं त्यांना वाटत असावं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आयांनी लेकरं कडेवर घेतली होती, चालती लेकरंसुद्धा. गंगाबाई एका बादलीत तो मासा घेऊन पुढे आल्या. पन्नाशीच्या, काटक बाई. हाताला फडकं गुंडाळलेलं. ताईनं मासा ताटलीत घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंग लावलं. बोटाएवढाही नव्हता तो. मिनिटभरात तिचा चेहरा सैल झाला.

“हा बाहेरचाच आहे, खरं आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “दक्षिण अमेरिकेतला. पण तो व्हिडिओतला नाही. हा लोक घरच्या काचेच्या टाकीत पाळतात. हे बघा, याच्या दोन्ही अंगांना पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी आहेत, कौलं रचावी तशा. आपल्या शिंगट्या माशाचं अंग कसं गुळगुळीत असतं? याला चिलखत आहे. तोंड खाली वळलेलं, मिशा आखूड. तळाच्या गाळातले किडे वेचून खातो, दुसरं काही नाही. डोक्यामागं ही हिरवी-तांबूस चमक बघा. शेपटीजवळ हा इवलासा जास्तीचा पर, त्यालासुद्धा काटा. पाठीवर एक काटा, दोन बाजूंना दोन. घाबरला की तिन्ही ताठ उभे करतो आणि मग ते खाली बसत नाहीत. त्यातलाच एक तुमच्या हातात गेला, गंगाबाई. सूज येते, उतरते.”

“म्हंजे अंगात नाही शिरत?” कुणीतरी मागून विचारलं.

“नाही. पाण्यात उतरा. भिण्यासारखं काही नाही.”

पिंप परत गेलं. गंगाबाईंनी निघताना एक प्लॅस्टिकची बरणी ताईच्या हातात दिली. त्या आठवड्यात जाळ्यात आलेली आणखी काही बारकी मासळी त्यांनी, कुजू नये म्हणून, कुणीतरी सांगितलेल्या औषधी पाण्यात बुडवून ठेवली होती. “हेबी घेऊन जा मॅडम. आमाला तर आता हातबी लावू वाटंना.” परतीच्या वाटेवर ताई खूष होती. औंढ्याला आम्ही उसाचा रस प्यालो.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी तिचा फोन आला. “लता, कॉलेजात ये.” आवाज ओळखू येत नव्हता. मी गेले तर ती प्रयोगशाळेत टेबलापाशी बसली होती आणि समोरच्या ताटलीत बरणीतले मासे होते. पाच तर कालच्यासारखेच, पट्ट्यांचे. सहावा वेगळा. काडीसारखा, लांबट, औषधात पडून रंग गेलेला, जवळजवळ आरपार दिसणारा. अंगावर पट्ट्या नाहीत.

“हा काय आहे?” मी विचारलं.

“माहीत नाही.” तिनं सुईनं त्याच्या गालाकडं दाखवलं. “इथं काटा आहे. बोटाला लागतो, पण नीट दिसत नाही. लता, तो व्हिडिओतला मासा काही खोटा नाही. अमेझॉनच्या खोऱ्यात आहे तो. असाच, काडीएवढा, पारदर्शक. दुसऱ्या माशांच्या कल्ल्यांत शिरतो आणि गालावरचे काटे आत रुतवून धरून ठेवतो. माणसाच्या गोष्टी बऱ्याचशा ऐकीव आहेत. पण सगळ्याच ऐकीव आहेत का, हे मी कशी सांगू?” ती थांबली. “मी काल एकच मासा पाहिला होता. एक पाहिला आणि गावाला सांगितलं, उतरा.”

तो मासा इथं कुठून येईल, असं मी म्हणाले. “तो दुसरा कुठून आला?” ती म्हणाली. सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेलेला होता. नवा दिवा सुट्टीच्या दिवशी हिंगोलीत मिळाला नाही. खिडकीतल्या उन्हात धरून पाहावं तर प्रयोगशाळेची खिडकी पूर्वेला, आणि ऊन केव्हाच पलीकडं गेलेलं. बाहेर नेलं तर वाऱ्यानं ताटलीतलं पाणी हलायचं. तिनं ताटली खाली ठेवली आणि सरपंचाला फोन लावला. मी शेजारीच होते, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“मी काल घाई केली,” ती म्हणाली. “आणखी एक मासा आहे, तो मला ओळखू येत नाही. उद्या सकाळपर्यंत कुणी पाण्यात उतरू नका. पण औषधही टाकू नका. मी येते आहे.”

“काल काय सांगितलं अन् आज काय सांगून राहिल्या तुमी?” पलीकडून सरपंच ओरडले. “सकाळधरनं बाया पाण्यात हायेत. लेकरं पोहून आली. आता त्याइला काय सांगू मी?”

“मॅडम चुकल्या असं सांगा.”

फोन ठेवल्यावर ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाशी धरला. ‘लेकरं पोहून आली’ एवढंच दोनदा म्हणाली. मला तेव्हा वाटलं होतं की बाई थोडं जास्तच मनाला लावून घेते आहे. आज वाटतं, एवढ्या साध्या शब्दांत स्वतःची चूक कबूल करणारं दुसरं कुणी मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नाही.

सोमवारी ऊन खिडकीत यायच्या आधीच आम्ही टेबलाशी होतो. तिनं जेवण केलेलं नव्हतं, बहुधा झोपही झाली नव्हती. ऊन ताटलीवर आलं, तिनं भिंग घेतलं आणि सुईच्या टोकानं तो काटा हलकेच उचलला. “कल्ल्याच्या झाकणावर काही नाही,” ती पुटपुटली. “साफ आहे... काटा डोळ्याखाली आहे. एकच. खाचेत मिटून बसलेला. टोकाला दोन फाटे.” मग मिशा मोजल्या. मग त्वचेवरून सुई फिरवली, बारीक, रुतलेली खवलं लागली. तिसरी खूण मिळाल्यावर तिनं भिंग ठेवलं. “लता, हा आपला आहे गं. आपल्याच ओढ्यातल्या वाळूत राहतो. मी याला शंभर वेळा हातात घेतलंय. रंग गेला तर मला माझाच मासा ओळखू येईना.” ती हसायला गेली आणि रडली.

गावात पोचलो तर आता कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, आणि त्यांचं काय चुकलं? एक दिवस उतरा म्हणायचं, दुसऱ्या दिवशी उतरू नका, तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरा. पिंप परत काठावर आलं होतं आणि या वेळी त्याचं बूच काढलेलं होतं. तो उग्र वास लांबूनच येत होता. ताई बोलत होती, डोळ्याखालचा काटा, कल्ल्यावरचा काटा, आणि माणसं तिच्याकडं नुसती पाहत होती. सरपंच म्हणाले, “मॅडम, तुमी आता जा. आमचं आमी बघतो.” दोघांनी पिंपाला हात घातला.

तेव्हा ताईनं चप्पल काढली आणि ती पाण्यात चालू लागली. मी तिला हाक मारली, तिनं मागं पाहिलं नाही. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. साडी वर आली, तिनं ती खाली दाबली. मांड्यांपर्यंत पाणी आल्यावर ती थांबली आणि मला वाटलं आता ही पडणार. तिचे खांदे वर गेले होते, लहान पोर थंडीत उभं राहावं तसे. ती आणखी चार पावलं गेली. छातीपर्यंत पाणी. मग वळून काठाकडं तोंड करून उभी राहिली. ओठ पांढरेफटक. “टाका आता औषध,” ती म्हणाली. आवाज फुटत नव्हता, पण तळ्यावर इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू आलं.

कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. मग गंगाबाई उठल्या, हातावरचं फडकं सोडलं आणि आत उतरल्या. सरळ ताईजवळ जाऊन त्यांनी तिचा दंड धरला. “मॅडम, पाय उचला, गाळ हाय,” असं म्हणत तिला हळूहळू बाहेर आणलं. पिंपाचं बूच लागलं. आम्ही आलो होतो त्या जीपपाशी मी पिशवी ठेवायला गेले तर सरपंच मागं आले होते. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, “बाई, ते मासे आमच्याच घरचे. पोरगा पुण्याला गेला तवा टाकी तळ्यात रिकामी केली मी. वाटलं, जगतील बिचारे. मग म्हातारा गेला... गावाला कळलं असतं तर?” त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांना पाण्यातल्या कुठल्याही किड्यापेक्षा गावाची भीती जास्त होती, आणि तिच्यापायी ते सगळ्या गावाची विहीर नासवायला निघाले होते. मी कुणाला सांगितलं नाही. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं, असं नंतर कळलं. ते म्हातारे उंदरांमुळं पसरणाऱ्या तापानं गेले होते, हेही दवाखान्याच्या कागदांवरून कळलं.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. सात आठवडे मी ती कशी लिहावी याचाच विचार करते आहे. गंगाबाईंनी आम्हाला त्यांच्या घरी नेलं आणि ताईला बदलायला आपलं लुगडं दिलं. आतल्या खोलीत मी तिला मदत करत होते, कारण तिची बोटं गारठून ब्लाऊजचे हूक निघत नव्हते. ओलं ब्लाऊज बाजूला झालं आणि मला डाव्या बाजूला, काखेजवळ, छातीवरची कातडी दिसली. आत ओढली गेलेली, खरबरीत, मोसंबीच्या सालीवर असतात तशी छिद्रं पडलेली. मी ते आधी पाहिलं होतं. माझी आई त्यानंच गेली.

ताईनं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीपासून.”

“दाखवलंस?”

“दाखवीन.”

“ताई...”

“लता, मला कळतंय ते काय आहे,” ती अगदी हळू म्हणाली. “पण अजून कुणी त्याचं नाव घेतलेलं नाही. नाव घेतलं की मग ते होईल. प्राजक्ताचं लग्न होऊ दे. तुला शपथ आहे, कुणाला बोलू नकोस.”

मी बोलले नाही. एक शपथ होती म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर मी भ्याले. आईच्या वेळी दवाखान्याच्या ज्या बाकांवर बसले होते त्या बाकांवर मला परत बसायचं नव्हतं. तो शब्द मला तोंडातून काढायचा नव्हता. रोज कॉलेजात तिला भेटायचे तेव्हा माझी नजर आपोआप तिच्या डाव्या खांद्याकडं जायची आणि मी ती ओढून आणायचे. एक-दोनदा विचारलं, “गेलीस का गं?” ती म्हणाली, “जाईन, परीक्षा होऊ दे.” मी मान डोलावली. मान डोलावणं फार सोपं असतं. मे महिन्यात प्राजक्ताचं लग्न झालं. पावसाळा आला. श्रावणात ताईचा डावा हात सुजला आणि तिला खडू धरता येईना, तेव्हा कुठं ती नांदेडला गेली. डॉक्टरांनी प्राजक्ताला विचारलं, इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही का? प्राजक्ता म्हणाली, कुणाच्याच नाही. मी शेजारी उभी होते.

पुढचं सगळं दवाखान्यांत गेलं. ऑपरेशन करण्याची वेळ टळून गेली होती. औषधं चालू झाली, केस गेले, वजन गेलं. तळ्यातले बाहेरचे मासे गंगाबाईंच्या घरच्यांनी जमतील तेवढे जाळ्यानं काढले होते. त्यांतले सात-आठ ताईनं घरी टाकीत ठेवून घेतलेत, हे मला या आजारपणातच कळलं, कारण तिची खाट त्याच खोलीत टाकली होती. शेवटच्या महिन्यात ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. एकदा मला म्हणाली, “लता, त्या दिवशी पाण्यात उभी होते ना, तेव्हा खाली पायाला काहीतरी हुळहुळलं. मला वाटलं आता मेले. इतकी भीती मला कशाचीच वाटली नव्हती. पण काठ दिसत होता गं.”

ती गेल्यावर पंधराएक दिवसांनी गंगाबाई माझ्या दारात आल्या. पत्ता विचारत विचारत, बसनं, एकट्या. मी पाणी दिलं, चहा ठेवला. त्या खुर्चीवर बसेनात, उंबऱ्याशी खाली बसल्या.

“बाई, एक सांगायला आले,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी मॅडम लुगडं बदलून राहिल्या तवा मी दारात होते. मीबी पायलं.”

मी हातातला कप खाली ठेवला.

“मला वाटलं, तुमी शिकल्या-सवरल्या, तुमी जवळच्या. तुमी सांगसाल. मी कोण सांगनारी?” त्यांनी डोळ्याला पदर लावला. “पाण्यातून हात धरून बाहेर आनलं मी त्याइला. अन् तेवढं एक बोलू न्हाई शकले. काहून न्हाई बोलले, सांगा बरं?”

मी त्यांच्याजवळ खाली जाऊन बसले. मला त्यांना सांगता आलं असतं की तुमचा काही दोष नाही. मी तसं म्हणाले नाही, कारण मग माझ्याबद्दलही तेच म्हणावं लागलं असतं. “मी पण नाही बोलले, गंगाबाई,” एवढंच म्हणाले. मग मी विचारलं, “तुम्ही कधी तपासून घेतलंय?” त्यांनी नाही अशी मान हलवली. “अन् तुमी?” मीही मान हलवली. माझी आई त्यानं गेली, ताई त्यानं गेली, आणि गेली कित्येक वर्षं अंघोळ करताना मी स्वतःच्या अंगावरून हात भरभर फिरवत आले आहे, कुठं थांबू नये म्हणून.

गेल्या गुरुवारी आम्ही दोघी नांदेडला गेलो. वाटेत बाळापूर आलं. तिथं बस थांबली, खाली शेंगदाणेवाला ओरडत होता. गंगाबाई म्हणाल्या, “बाई, उतरून परत जावं का?” त्या गंमत करत नव्हत्या. मलाही तेच वाटत होतं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी माझा, आणि बस सुटली. दवाखान्यातले बाक तेच होते, फक्त रंग बदलला होता. आधी त्यांचं नाव पुकारलं. अर्ध्या-पाऊण तासानं त्या बाहेर आल्या, पदर सारखा करत. “काई न्हाई म्हनले. जा तुमी.” मशीनच्या गार पट्टीवर अंग टेकताना मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, पुन्हा एक काढला आणि म्हणाल्या, “एक बारीकसं आहे. बहुतेक साधं आहे. पण बहुतेकवर सोडायचं नाही. तीन महिन्यांनी परत या, चुकवू नका.” मी घरी येऊन कॅलेंडरवर ती तारीख लिहिली. भीती गेलेली नाही. ती सकाळी माझ्या आधी उठते. पण आता मी ती कुणाला तरी सांगितली आहे.

येताना गंगाबाईंनी ताईचं घर बघायचं म्हटलं. प्राजक्ता माहेरी आलेली होती. तिनं दार उघडलं आणि आम्हाला खोलीत सोडून ती चहा करायला गेली. खाट काढून टाकली होती, फरशीवर तिच्या चार पायांचे ठसे होते. टाकी खिडकीपाशी चालू होती. गंगाबाई टाकीसमोर फतकल मारून बसल्या. इतकी वर्षं त्यांनी मासे जाळ्यात, टोपलीत, सुरीखाली पाहिले होते. काचेपलीकडं, असे निवांत, कधी पाहिलेच नव्हते. पाच उरलेत आता. वाळूत मिशा खुपसून काहीतरी शोधत ते शेजारी शेजारी सरकत होते. मधेच एखादा सरळ वर जायचा, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली. एक मासा काचेजवळ येऊन थांबला. गंगाबाईंनी नाक काचेला लावलं. माशानं डोळा खाली फिरवला आणि परत जागेवर आणला, पटकन, मिचकावल्यासारखा.

“आगं बया!” गंगाबाई दचकून मागं झाल्या. “ह्यानं डोळा मारला की वो!”

मीही त्यांच्या शेजारी खाली बसले. प्राजक्ता चहाचे कप हातात घेऊन दारात उभी राहिली. तो पुन्हा डोळा मारतो का, हे बघत आम्ही तिघी तिथंच थांबलो.